हॅना-बार्बेराचा फिरता तारा: मूळचा की मागाहून जोडलेला?

जुनी_फीत

नमस्कार.

घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्याचे काम मी गेले चार महिने करीत आहे. बहुतेक फिती लग्नांच्या आणि मुंजींच्या आहेत, परंतु त्यांतल्या एका फितीवर १९९६ च्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मामांनी कार्टून नेटवर्कवरून मुद्रित केलेले 'द जेटसन्स'चे दोन भाग सापडले. ही वाहिनी भारतात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते आणि दिवसा कार्टून, रात्री टीएनटीचे जुने चित्रपट अशी एकाच वाहिनीवरची वाटणी होती. आमच्या गल्लीत ती फक्त मामांच्या घरी दिसत असे, म्हणून सुट्टीभर आम्हा सगळ्या भावंडांचा मुक्काम तिथेच असे. फीत सापडल्याचा आनंद किती झाला हे सांगत बसत नाही, प्रश्नाकडे वळतो.

दोन्ही भाग एकाच मालिकेचे असले तरी एका काळाचे नाहीत, हे पाहताक्षणी कळते. पहिल्या भागातील चित्रांची रेषा, रंग आणि ध्वनीचा पोत १९६२-६३ च्या मूळ मालिकेचा आहे. दुसऱ्या भागात ऑर्बिटी हा परग्रहावरचा छोटा प्राणी आहे आणि तो १९८५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हाच आला, एवढे मला माहीत आहे. असे असूनही दोन्ही भागांच्या अखेरीस अगदी एकच बोधचिन्ह येते: काळ्या पडद्यावर प्रकाशाचे पुंजके गरगर फिरत एकत्र येतात, त्यांचा तारा होतो, खाली हॅना-बार्बेरा हे मालिका बनवणाऱ्या स्टुडिओचे नाव उमटते आणि सिंथेसायझरवरची छोटी धून वाजते. मग १९६२ च्या भागालाही हा तारा मूळचाच होता काय? नसल्यास त्या काळी तिथे काय दिसत असे, आणि तारा जोडला कोणी: खुद्द स्टुडिओने, अमेरिकेतल्या वितरकाने, की आपल्याकडे कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिनीने?

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. याच ताऱ्याची अमेरिकेतील प्रेक्षकांनी जपलेली मुद्रणे मी ऐकली, तेव्हा त्यांतली धून माझ्या फितीतल्या धुनेपेक्षा किंचित खालच्या पट्टीत वाटली. पेटीवर लावून पाहिले तर फरक पुरता अर्धा सूरही भरत नाही, पण आहे हे नक्की. या फरकाचा मूळ प्रश्नाशी संबंध असेल असे मला वाटत नाही, तरीही जाणकारांनी त्यावर प्रकाश टाकावा.

रेघोटी

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे देता येते: १९६२ मध्ये हा तारा अस्तित्वातच नव्हता. तो १९७९ मध्ये आला. त्याआधीचा क्रम मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण या स्टुडिओच्या पाट्यांमधून त्याची सारी व्यावसायिक वाटचाल दिसते आणि म्हणूनच तो विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

एमजीएम कंपनीने १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला, तेव्हा 'टॉम अँड जेरी'साठी सात ऑस्कर पारितोषिके मिळवून दिलेले विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे दोघे एकाएकी बेकार झाले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी चित्रपटदिग्दर्शक जॉर्ज सिडनी यांच्या साहाय्याने स्वतःची कंपनी काढली. हॅनांचे नाव आधी यावे की बार्बेरांचे, याचा निर्णय नाणे उडवून झाला, असे या स्टुडिओच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. कंपनीचे पहिले नाव एच-बी एंटरप्रायझेस असे होते. डिसेंबर १९५७ मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झालेली 'रफ अँड रेडी' आणि पुढच्या वर्षीची 'हकलबरी हाउंड' या मालिकांच्या श्रेयनामावलीत निर्मात्याचे नाव केवळ एका ओळीने येत असे. स्वतंत्र हलते बोधचिन्ह नव्हते आणि त्याची कोणाला गरजही वाटत नव्हती, कारण कार्यक्रमाच्या अखेरीस मिरवण्याचा मान वितरकाचा होता. हा वितरक म्हणजे कोलंबिया पिक्चर्सची दूरचित्रवाणी शाखा, स्क्रीन जेम्स.

१९५९ मध्ये कंपनीचे नाव हॅना-बार्बेरा प्रॉडक्शन्स झाले. 'द फ्लिंटस्टोन्स' ३० सप्टेंबर १९६० रोजी एबीसीवर सुरू झाली, १६६ भाग चालून १९६६ च्या एप्रिलमध्ये संपली, आणि या सर्व काळात हॅना-बार्बेराचे नाव नामावलीतल्या साध्या अक्षरांत राहिले. तुमचा 'जेटसन्स'चा पहिला भाग याच काळातला असल्यामुळे त्याच्या मूळ प्रतीत आधी निर्मात्याची ओळ आणि मग स्क्रीन जेम्सची पाटी असाच क्रम असणार.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र चित्र बदलले. एच आणि बी ही दोन अक्षरेच चिन्ह बनली. आधी ती पडद्यावर झेपावत येत, पुढे त्यांना निरनिराळे घडीव आकार मिळाले, आणि १९७४ च्या सुमारास ती एकमेकांना जोडून, मागे रंगीत पट्ट्यांचा माग सोडत येऊ लागली. या मधल्या पाट्यांविषयी मला फारसे प्रेम नाही. त्या आपल्या काळातल्या जाहिरातींसारख्या दिसतात आणि तशाच विसरल्या जातात. १९७९ चा तारा ही मात्र वेगळ्याच दर्जाची गोष्ट आहे. त्यात कार्टूनचा मागमूसही नाही. काळोख, फिरणारा प्रकाश आणि ती छोटी धून, एवढेच. शनिवारी सकाळी लहान मुलांच्या कार्यक्रमानंतर असे गंभीर, जवळजवळ खगोलशास्त्रीय दृश्य दाखवायचे कोणाला सुचले असेल, याचे मला आजही आश्चर्य वाटते. 'स्मर्फ्स' १९८१ मध्ये सुरू झाली तेव्हापासून हा तारा जगभरातल्या मुलांच्या ओळखीचा झाला.

या ताऱ्याच्या मुख्य आवृत्त्या दोन आहेत. १९७९ ची आवृत्ती संगणकाशिवाय, कॅमेऱ्याखाली फ्रेमच्या फ्रेम टिपून केलेली असल्यामुळे तिच्या कडा मऊ आणि पसरट दिसतात. १९८६ मध्ये तेच दृश्य संगणकावर नव्याने घडवले गेले आणि त्यात कडांची सफाई लगेच जाणवते. तुमच्या फितीवर यांतली कोणती आहे हे पाहून कळवावे. १९९३ नंतर तारा मावळला आणि त्याच्या जागी फ्रेड फ्लिंटस्टोन, योगी बेअर इत्यादी पात्रांचीच चिन्हे आली. म्हणजे १९९६ मध्ये प्रसारित झालेल्या प्रतीवर तारा असणे याचा अर्थ ती प्रत १९९३ च्या आधी तयार झालेली होती, एवढे तरी निश्चित धरता येते.

सिनसिनाटीकर

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मात्र साठीच्या दशकाच्या अखेरीस 'चित्र बदलले' ते का, याचे कारण त्यात आलेले नाही आणि ते कारण माझ्या गावात आहे, म्हणून लिहितो.

मी गेली बावीस वर्षे ओहायोतील सिनसिनाटी येथे राहतो. टॅफ्ट ब्रॉडकास्टिंग ही कंपनी इथली. तिने १९६६ च्या अखेरीस सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरना हॅना-बार्बेरा विकत घेतली. या व्यवहारानंतर स्क्रीन जेम्सशी असलेले नाते संपत गेले आणि स्वतःचे वितरण, स्वतःचे चिन्ह यांची गरज निर्माण झाली. टॅफ्टला या पात्रांचा उपयोग दूरचित्रवाणीपुरता करायचा नव्हता. शहराच्या उत्तरेला १९७२ मध्ये उघडलेल्या किंग्ज आयलंड या मनोरंजन उद्यानात हॅना-बार्बेराच्या पात्रांचा एक संपूर्ण विभाग होता. माझ्या शेजारच्या आजोबांना योगी बेअर आठवतो तो पडद्यावरचा नव्हे, तर त्या उद्यानात मुलांचे हात हातात घेऊन फिरणारा. ज्या कंपनीला नाव आणि चेहरे विकायचे आहेत, तिला नामावलीतली एक बारीक ओळ कशी पुरावी? पडद्यावरची अक्षरे मोठी होत गेली त्यामागे हे कारण आहे असे माझे ठाम मत आहे.

१९७९ ला आणखी एक संदर्भ आहे. त्याच वर्षी टॅफ्टने वर्ल्डव्हिजन ही वितरण कंपनी ताब्यात घेतली. आता निर्माता आणि वितरक एकाच घरातले झाले आणि जुन्या मालिका स्थानिक केंद्रांना व परदेशी वाहिन्यांना नव्याने विकण्याचा धंदा जोरात सुरू झाला. तुमच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. जुन्या मालिकेची प्रत नव्याने काढताना तिच्या शेवटी पूर्वीच्या वितरकाची पाटी ठेवणे नव्या मालकाला परवडणारे नव्हते. ती कापून आपली पाटी जोडली जाई. या प्रकाराला इकडचे बोधचिन्हांचे अभ्यासक 'प्लास्टरिंग' म्हणतात. जुन्या भिंतीवर नवे प्लास्टर चढवावे, तसे. १९७९ चा तारा याच रीतीने साठीच्या दशकातल्या कितीतरी भागांवर जाऊन बसला.

'जेटसन्स'च्या बाबतीत तर हे अपरिहार्यच होते. मूळ मालिकेचे फक्त २४ भाग होते. रोज एक भाग दाखवणाऱ्या केंद्राला ते महिनाभरही पुरत नसत. म्हणून १९८५ मध्ये ४१ आणि १९८७ मध्ये १० नवे भाग करून एकूण ७५ भागांचा संच तयार झाला आणि तो एकत्र विकला गेला. संच एक, म्हणून शेवटची पाटीही एक. तुमच्या फितीवर १९६२ आणि १९८५ शेजारी शेजारी येऊन दोघांच्या शेवटी एकच तारा दिसतो तो यामुळे.

मात्र या प्लास्टरमुळे काय काय झाकले जाते, हेही सांगायला हवे, कारण मला त्याचे वाईट वाटते. 'फ्लिंटस्टोन्स'च्या पहिल्या दोन हंगामांचे शीर्षकदृश्य आणि शीर्षकसंगीत आज सर्वांना पाठ असलेल्या गाण्याचे नव्हतेच. ते निराळे, बिनशब्दांचे होते. नंतरच्या प्रतींमध्ये सर्व भागांना एकसारखे करण्यासाठी तिसऱ्या हंगामापासूनचे शीर्षकगीत आधीच्या भागांनाही लावले गेले आणि तीन दशकांच्या प्रेक्षकांना मूळ सुरुवात ठाऊकच राहिली नाही. पुढे नव्वदीच्या दशकात, हॅना-बार्बेरा टर्नर कंपनीच्या मालकीची झाल्यावर, ती शोधून पुन्हा जोडण्यात आली. शीर्षकाबरोबर प्रायोजकांचे उल्लेखही गेले होते. त्या मालिकेचा एक प्रायोजक विन्स्टन ही सिगारेट होती, आणि फ्रेड व बार्नी स्वतः ती ओढताना जाहिरातीत दिसत. हा भाग गाळण्याचे कारण समजण्यासारखे आहे, परंतु इतिहास लिहिणाऱ्याला तो गाळलेला होता हे माहीत असलेच पाहिजे.

तेव्हा तारा वाहिनीने जोडला नसावा, अमेरिकेतच जोडला गेला असावा, असे मला वाटते. परंतु 'असावा' याच्या पुढे जाण्याजोगा पुरावा माझ्याजवळ नाही.

पडदा_आणि_पाटी

एक पुरवणी. पाटीवरून काळ ठरवता येत नसेल तर कशावरून ठरवावा, असा प्रश्न वाचणाऱ्यांच्या मनात येईल. त्यासाठी बोधचिन्हाच्या आधी, नामावलीच्या शेवटी येणारी स्वामित्वहक्काची ओळ पाहावी. अमेरिकेत १ मार्च १९८९ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या कृतीच्या प्रतीवर हक्काची सूचना, हक्कदाराचे नाव आणि वर्ष असणे कायद्याने महत्त्वाचे होते. ती नसल्यास हक्क गमावण्याची भीती असे. म्हणून नव्या मालकाला बोधचिन्ह बदलण्याची मोकळीक होती, पण त्या ओळीला हात लावताना तो दहा वेळा विचार करी. अनेकदा वर्ष रोमन अंकांत असते आणि मुलांना ते वाचता येत नाही. 'स्कूबी-डू'च्या पहिल्या हंगामाचे वर्ष, म्हणजे १९६९, त्या पद्धतीने एम-सी-एम-एल-एक्स-आय-एक्स असे लिहावे लागेल. जुन्या चित्रनळीच्या संचांवर पडद्याच्या कडा कापल्या जात, त्यामुळे अगदी खालची ओळ पुष्कळांनी कधी पाहिलीच नसेल. फीत संगणकावर उतरवली की ती दिसू लागते.

दुसरे असे की, ताऱ्याच्या अनुपस्थितीचाही अर्थ लावता येतो. आपल्याकडे 'टॉम अँड जेरी' आणि 'जेटसन्स' एकाच वाहिनीवर लागत, आणि दोन्हींमागे हॅना व बार्बेरा ही नावे होती, म्हणून दोन्ही एकाच स्टुडिओची निर्मिती आहेत असा समज फार पसरलेला आहे. या दोघांनी १९४० पासून केलेले ११४ 'टॉम अँड जेरी' लघुपट एमजीएमचे आहेत, हॅना-बार्बेरा कंपनीचे नाहीत. त्यांवर सिंह असतो, तारा नसतो. पुढे प्रागमध्ये जीन डाइच यांनी १३ आणि नंतर चक जोन्स यांनी ३४ लघुपट केले, त्यांच्याशीही या कंपनीचा संबंध नाही. १९७५ मध्ये मात्र हॅना-बार्बेरा कंपनीने दूरचित्रवाणीसाठी स्वतःची 'टॉम अँड जेरी' मालिका केली. जेरीच्या गळ्यात लाल बो-टाय आणि दोघांची गट्टी, हे जिथे दिसेल ती हीच मालिका. एमजीएमचा १९८६ पूर्वीचा चित्रसंग्रह आणि १९९१ मध्ये विकत घेतलेली हॅना-बार्बेरा हे दोन्ही टर्नर यांच्याकडे आले, म्हणूनच १ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेत कार्टून नेटवर्क सुरू करण्याइतका साठा त्यांच्यापाशी जमला. आपल्या बालपणीच्या दुपारी ज्या साठ्यावर गेल्या, तो असा दोन वेगळ्या घरांतून आलेला आहे.

जुनी_फीत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी दोन्ही भागांतील तारा पुन्हा नीट पाहिला. कडा मऊ आहेत, म्हणजे रेघोटी यांनी सांगितलेली १९७९ ची आवृत्ती दिसते. तारा अमेरिकेत जोडला गेला की इकडे, एवढाच प्रश्न आता उरतो. यासाठी वाहिनीच्या त्या काळच्या कोणा तंत्रज्ञालाच गाठावे लागेल असे दिसते.

ध्वनिलेखक

तंत्रज्ञाला गाठण्याची गरज पडणार नाही. पुरावा तुमच्या फितीवरच आहे आणि तुम्ही पहिल्याच लेखनात तो दिलेला आहे. धुनेची वर सरकलेली पट्टी हाच तो पुरावा. मी ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात काम करतो आणि अशा पट्टीच्या फरकाशी माझी रोजची गाठ असते, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

त्या काळी ही कार्टुने चित्रपटाच्या फिल्मवर टिपली जात आणि फिल्मचा वेग सेकंदाला २४ फ्रेम असतो. अमेरिकेची एनटीएससी ही दूरचित्रवाणीची पद्धत सेकंदाला जवळपास ३० फ्रेम दाखवते. तिथे फिल्म उतरवताना काही क्षेत्रे (फ्रेमचे अर्धे भाग) पुन्हा वापरून हिशेब जुळवतात, त्यामुळे वेग आणि सूर जवळजवळ तसेच राहतात. भारतात, ब्रिटनमध्ये आणि बऱ्याच आशियात पाल पद्धत होती, आणि तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात. २४ आणि २५ यांतला फरक इतका थोडा आहे की पाल देशांसाठी फिल्म उतरवताना ती सरळ २५ च्या वेगाने चालवत. डोळ्याला काही कळत नाही. पण वेग सुमारे चार टक्क्यांनी वाढतो आणि सूर अर्ध्या स्वरांतराच्या, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या, साधारण सात दशांश इतका वर चढतो. तुम्हाला पेटीवर 'पुरता अर्धा सूरही भरत नाही' असे वाटले, ते अगदी योग्य आहे. तुमच्या कानाला माझी दाद.

आता दुसरी शक्यता पाहा. कार्यक्रम आधीच अमेरिकेत एनटीएससी व्हिडिओ फितीवर असेल आणि तिचे यंत्राने पालमध्ये रूपांतर केले असेल, तर सूर बदलत नाही. त्या पद्धतीत ३० चित्रांतून २५ चित्रे बनवण्यासाठी शेजारच्या चित्रांचे मिश्रण होते. म्हणून वेगाने हलणारी वस्तू थांबवून पाहिली तर दुहेरी, भुतासारखी दिसते.

यावरून तुमच्या प्रश्नाचा निकाल लावता येईल. एखाद्या वाहिनीने आपल्या केंद्रात तारा जोडला असता, तर तो व्हिडिओच्या पायरीवर जोडला गेला असता, आणि बहुधा अमेरिकेतून आलेल्या एनटीएससी फितीवरून. तसे असेल तर ताऱ्याची धून मूळ पट्टीत राहील, किंवा निदान भागातल्या संगीताची पट्टी आणि ताऱ्याची पट्टी यांचे बदल वेगवेगळे असतील. उलट, ताऱ्याची फिल्म मूळ भागाच्या फिल्मलाच जोडलेली असेल आणि मग दोन्ही एकत्र पालवर उतरली असतील, तर दोन्हींचा वेग सारख्याच प्रमाणात वाढलेला असेल. तुम्ही धुनेचा फरक ऐकला आहे. आता दोन गोष्टी कराव्यात. फिरता तारा थांबवून एकेक फ्रेम पाहावी आणि दुहेरी प्रतिमा दिसतात का ते तपासावे. तसेच भागातल्या जाहिरातीविना सलग असलेल्या एखाद्या तुकड्याची लांबी अमेरिकन डिस्कवरच्या त्याच तुकड्याशी ताडून पाहावी. गुणोत्तर २५ ला २४ आले, तर भागही फिल्मवरून थेट पालवर आला आहे.

व्हीसीआरच्या वेगातल्या चुकीमुळे हा फरक पडला असेल अशी शंका कोणी घेईल. ती येथे लागू होत नाही. चालवताना व्हीसीआर फितीवर नोंदलेल्या नियंत्रक खुणांशी आपला वेग जुळवून घेतो. यंत्र ठीक असेल तर चार टक्क्यांची चूक त्यात शिरत नाही.

रेघोटी

ही युक्ती मला माहीत नव्हती. उत्तराची वाट पाहत आहे. दरम्यान, नावांच्या क्रमाविषयी वर मी नाण्याचा उल्लेख केला, त्यावरून एक आठवले. हॅना-बार्बेराचा प्रतिस्पर्धी स्टुडिओ फिल्मेशन याच्या दोन भागीदारांनी, लू शायमर आणि नॉर्म प्रेस्कॉट यांनी, हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता. त्यांची नावे पडद्यावर चाकासारखी गोल फिरत, म्हणजे कोणाचेच नाव आधी येत नसे. पुढे प्रेस्कॉट बाहेर पडले आणि 'ही-मॅन'च्या वेळी शायमर यांची एकट्याची सही राहिली. आपल्याकडे दूरदर्शनवर ज्यांनी 'ही-मॅन' पाहिली त्यांना ती सही आठवत असेल.

आणि पाटीवर जे कधीच आले नाहीत, त्यांचीही आठवण एक रेखाटनकार म्हणून मला ठेवावीशी वाटते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून हॅना-बार्बेराचे पुष्कळ रेखाटन आणि रंगकाम लॉस एंजेलिसच्या काहुएंगा बुलेव्हार्डवरील त्या प्रसिद्ध इमारतीत होत नव्हते. १९७८ मध्ये जेम्स वांग यांनी तैवानमध्ये काढलेल्या स्टुडिओत आणि पुढे मनिलातील फिल-कार्टून्समध्ये ते होऊ लागले. तुमच्या फितीवरचा तारा ज्या चित्रांच्या शेवटी झळकतो, त्यांतल्या कितीतरी रेषा कोणत्या हाताच्या आहेत हे तारा सांगत नाही.

जुनी_फीत

उशिराबद्दल क्षमस्व. अमेरिकेत राहणाऱ्या चुलत बहिणीने 'जेटसन्स'च्या पहिल्या हंगामाची डिस्क पाठवली, ती परवा हाती आली.

ध्वनिलेखक यांनी सांगितल्याप्रमाणे तारा एकेक फ्रेम थांबवून पाहिला. सर्व फ्रेमा स्वच्छ आहेत, एकाही ठिकाणी दुहेरी प्रतिमा नाही. त्यानंतर १९६२ च्या भागातला, दोन जाहिरातींच्या मधला सर्वांत लांब सलग तुकडा निवडला. डिस्कवर तो ११ मिनिटांचा भरला. माझ्या फितीवर तोच तुकडा १० मिनिटे ३४ सेकंदांत संपतो. ६६० सेकंदांना २४ ने गुणून २५ ने भागले तर ६३३.६ येतात, आणि माझे ६३४ आहेत. मामांच्या पेटीवर भागातले शीर्षकसंगीत आणि ताऱ्याची धून या दोन्ही लावून पाहिल्या. डिस्कच्या आणि अमेरिकन मुद्रणांच्या तुलनेत दोन्ही सारख्याच चढलेल्या आहेत. १९८५ च्या भागाचेही तसेच.

म्हणजे तारा इकडच्या वाहिनीने चिकटवलेला नाही. तो फिल्मलाच जोडलेला होता आणि भागाबरोबरच पालवर उतरला. नामावलीतली हक्काची ओळही संगणकावर पूर्ण दिसते, पण १९६२ च्या भागात नेमक्या त्या जागी फितीला सुरकुती पडलेली असल्यामुळे वर्षाची अक्षरे अर्धी तुटली आहेत. ती फीत आता दुसऱ्या यंत्रावर, ट्रॅकिंग थोडे बदलून, पुन्हा एकदा उतरवून पाहतो.